पहिला चहा तिसऱ्याला

तिसऱ्याविषयी मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. पूर्णेतली जुनी मंडळी भेटली, फुटबॉलचा विषय निघाला आणि आमच्या क्लबानं जिंकलेल्या त्या एकुलत्या एक चषकाची आठवण कुणी काढली, की मी पाणी प्यायला म्हणून उठायचो. घरात सगळ्यांना वाटायचं, साखरेमुळे तहान लागते. आता पंचाहत्तरी उलटून गेली, उठणं-बसणं जड जातं, तेव्हा बसल्या जागी लिहून टाकतो.

तिसरा म्हणजे आमच्या संघाचा तिसरा गोलकीपर. नाव मारोती, गाव पूर्णेपासून जीपनं अर्ध्या तासावर, नोकरी रेल्वेत पॉइंट्समनची, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलून देणाऱ्याची. उंच, किंचित वाकलेला, लांब हातांचा माणूस. दहा-बारा वर्षं तो आमच्या प्रत्येक सामन्याला पूर्ण पोशाखात आला. हातमोजे चढवायचा, खेळणाऱ्यांबरोबर घाम फुटेपर्यंत पळायचा आणि शिट्टी झाली की बाकावर तिसऱ्या जागी जाऊन बसायचा. मैदानात तो एकदाही उतरला नाही. तरी सामना संपल्यावर सगळ्यांत दमलेला तोच दिसायचा. आमच्या गोलाकडे चेंडू आला की हा बसल्या जागी डावीकडे झुकायचा, उजवीकडे झुकायचा; शेजारी बसणाऱ्याच्या बरगड्या दुखायच्या.

त्याला ही जागा मिळाली ती माझ्यामुळे. मी स्टेशनावर बुकिंग क्लार्क आणि क्लबाचा सेक्रेटरी. खेळता मला कधीच आलं नाही. नियम येत होते. दिवाळीनंतर परभणीला जिल्ह्यातल्या संघांची स्पर्धा व्हायची आणि तिथं दरवर्षी भांडणं. सामन्याच्या सकाळी कुणी हैदराबादेहून खेळाडू उतरवायचा, कुणी औरंगाबादेहून. मी वर्ल्ड कपचे संघनिवडीचे नियम मिळवले, मराठीत लिहून काढले आणि आयोजकांच्या गळी उतरवले. अठरा जणांची यादी आधी द्यायची आणि तीत तीन गोलकीपर असलेच पाहिजेत. यादी दिली की दिली. कार्ड मिळून कुणावर बंदी आली तर त्याच्या जागी नवा माणूस घेता येणार नाही. कुणी जखमी झाला तर पहिल्या सामन्याच्या आधीच बदलायचा. सवलत एकट्या गोलकीपरला: त्याला मोठी दुखापत झाली तर डॉक्टरांच्या सहीवर तो मधेही बदलता येईल, मात्र सामन्याच्या आदल्या दिवसापर्यंतच. आणि एकदा बाहेर गेलेला परत आत येणार नाही. आता वर्ल्ड कपची यादी सव्वीसपर्यंत वाढली आहे. तीन कीपरांची अट आहे तशीच आहे.

आमच्याकडे कीपर दोनच होते. पहिला युसूफभाई, लोको शेडमधला फिटर, पंजा फावड्याएवढा. दुसरा बालाजी, अंगानं चपळ आणि तोंडानं त्याहून चपळ. तिसरा कुठून आणायचा? मारोती तेव्हा ड्यूटी संपवून मैदानावर यायचा आणि गोलाच्या मागं उभा राहून बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायचा. मी त्याचं नाव टाकलं. बालाजी म्हणाला, "साहेब, नियमापायी एक जागा बाभळीत घातली तुमी." मारोतीनं ते ऐकलं. तो रागावला नाही. त्या दिवसापासून त्यानं स्वतःच एक वाक्य धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही: "तिसरा म्हंजी उरलासुरला न्हाई. तिसरा म्हंजी नियम हाय."

हातमोज्यांवर त्याचा फार जीव. सामन्यानंतर तो ते घरी नेऊन धुवायचा, सावलीत वाळवायचा आणि स्टेशनाच्या केबिनमधल्या खिळ्याला टांगायचा. युसूफभाईंचे मोजे हंगामात दोनदा फाटायचे. याचे कोरे करकरीत. "तिसऱ्या, तुझ्या शर्टाला कवाच माती लागंना गड्या," बालाजी चिडवायचा. "चड्डी बग मागून," हा म्हणायचा, "बाकडं घासून घासून कशी झालीय." सगळे हसायचे, तोही हसायचा. पण समोरच्या संघात पेनल्टी कोण कशी मारतो, मारायच्या आधी खांदा कुठं वळवतो, हे सामन्याआधी युसूफभाईंच्या कानात सांगणारा तोच होता. त्याचं नेहमी बरोबर यायचं असंही नाही. चुकलं की युसूफभाई म्हणायचे, "तिसरे, तू तर मला खड्ड्यात घालायलास." आणि पुढच्या सामन्याला पुन्हा कान पुढं करायचे.

गावी त्याचे वडील होते. आमचा एखादा सामना पूर्णेतच असला तर ते बघायला यायचे, आणि मुलगा बाकावरच बसलेला पाहून परत जायचे. एकदा माझ्यासमोरच म्हणाले, "काय रं मारोत्या, बसायचंच असंल तर घरी वट्टा हाय की आपला." मारोतीनं खाली बघून बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली. "बा, एक दिवस लागतोच तिसरा," तो म्हणाला. "लागला की निरोप धाडतो."

आमच्या क्लबात एक रीत होती आणि ती कुणी ठरवून पाडली नव्हती. संघातून ज्याला वगळायचं त्याला तोंडानं सांगायचं नाही. सराव झाला की किटलीतून चहा व्हायचा, आणि पहिला कप मी माझ्या हातानं ज्याला देईन तो समजून जायचा. तो चहा पिऊन होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, दुसरा कप भरायचा नाही. पिणाऱ्याला तेवढा वेळ मिळायचा. मग कुणी तरी त्याच्या पाठीवर हात ठेवायचा आणि बाकीच्यांचे कप भरले जायचे. बरीच पोरं निवडीच्या दिवशी माझ्या तोंडाकडे न बघता किटलीकडे बघत. मारोतीला या रीतीचं फार कौतुक. म्हणायचा, "वगळलेल्याला आधी चहा. मान्साचा मान ऱ्हातो."

ज्या वर्षाविषयी मला सांगायचं आहे त्या वर्षी आम्ही उपांत्य फेरी जिंकली, पण ती जिंकताना दोन्ही कीपर गमावून बसलो. एकट्या पुढं निघालेल्या गड्याला युसूफभाईंनी पायात पाडलं. सरळ लाल कार्ड. बालाजी आत गेला, त्यानं दोन गोल वाचवले आणि शेवटी वेळ काढत बसला म्हणून त्याला पिवळं कार्ड मिळालं. आधीच्या सामन्यात बाकावर बसून रेफरीला आईवरून बोलल्याबद्दल एक पिवळं त्याच्या नावावर होतंच. दोन पिवळी म्हणजे पुढचा सामना बंद. अंतिम सामना चौथ्या दिवशी, मानवतच्या संघाशी; आणि बंदीवाल्यांच्या जागा भरता येणार नव्हत्या. नियम माझाच होता.

बाकावर सगळ्यांनी एकदम तिसऱ्याकडे पाहिलं. त्यानं उजव्या हातातला मोजा काढला, तळहात चड्डीला पुसला, मोजा परत घातला. "निरोप धाडावा लागंल," एवढंच म्हणाला.

गावाहून दोन जीप भरून लोक येणार असं दुसऱ्याच दिवशी कळलं. त्याच्या बायकोनं, सुमनबाईनं, माझ्या घरी येऊन माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, मैदानात बायकांनी बसलेलं चालतं का?" तिला नवऱ्याचा खेळ कधी बघायलाच मिळाला नव्हता. केबिनमध्ये रेल्वेचे खलाशी, गँगमन, चहावाला, सगळे त्याला म्हणायले होते, "तिसऱ्या, आता पयला हाईस बाबा."

मी दोन दिवस त्याचा सराव पाहिला. युसूफभाई चेंडू मारत आणि तो अडवायला झेपावे. खरं सांगायचं तर तो वाईट नव्हता. पण त्याच्या झेपेत एक क्षण उशीर होता. वर्षानुवर्षं बसून उडी मारणाऱ्या माणसाला उभ्यानं उडी मारायची होती. एखादा चेंडू सुंदर काढायचा, पुढचे दोन सोडून द्यायचा आणि ओठ चावत गोलातून चेंडू उचलून आणायचा. "जमंल साहेब," तो म्हणायचा. "मैदानात जमंल." मी मान हलवायचो. इतकी वर्षं मी या संघासाठी वर्गणी मागितली होती, साहेब लोकांच्या पाया पडलो होतो. चषक हातभर अंतरावर होता. मधे हा उशिराचा एक क्षण उभा होता.

नांदेडला माझ्या ओळखीचा एक चांगला कीपर होता, त्या वर्षी कुठल्याच संघात नसलेला. मी त्याला निरोप पाठवला. मग ओळखीच्या एका डॉक्टरांकडे गेलो. सही करण्याआधी त्यांनी विचारलं, "कुठं लागलं म्हणायचं?" मी म्हणालो, "उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट. हाड मोडलंय." त्यांनी पेशंट कुठं आहे हे विचारलं नाही.

सामन्याच्या आदल्या सकाळी सराव संपला. सगळे खोलीबाहेर पायरीवर बसले होते. किटली आली. मी पहिला कप भरला. आता निवड नव्हती, यादी कधीच गेली होती, म्हणून कुणाचं लक्ष नव्हतं. बालाजी काही तरी चावट सांगत होता. मी कप घेऊन तिसऱ्यापुढं उभा राहिलो. बालाजीचा आवाज मधेच थांबला.

"माझा?" तिसरा म्हणाला.

"तुझा."

त्यानं मोजा काढून काखेत धरला, कप घेतला आणि उभ्यानंच प्यायला. घाई केली नाही. कप रिकामा करून त्यानं पायरीवर पालथा ठेवला. कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, कारण काय झालं ते कुणालाच कळलं नव्हतं. मी त्याला खोलीच्या मागं घेऊन गेलो.

"काय झालं साहेब?"

"तुझं बोट मोडलंय," मी म्हणालो.

त्यानं दोन्ही पंजे समोर धरले. "कोन्तं?"

"अंगठ्याशेजारचं."

"कोन्त्या हाताचं?"

"उजव्या."

त्यानं ते बोट वाकवून पाहिलं, सरळ केलं. मी नांदेडच्या कीपरचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, क्लबासाठी, संघासाठी असे शब्द वापरले. तो ऐकत होता की नव्हता कुणास ठाऊक. माझं बोलणं संपल्यावर म्हणाला, "गावाकडून मान्सं येयलीत, साहेब."

मी डॉक्टरांचा कागद त्याच्यापुढं धरला.

"बरं," तो म्हणाला. "मंग पट्टी बांधावी लागंल. बिनपट्टीचं मोडलेलं बोट कसं दिसंल?"

पट्टी मी बांधली. बांबूची एक कामटी घेतली, बोटाला लावली आणि त्याच्याच रुमालाच्या चिंध्यांनी गुंडाळली. मी गुंडाळत होतो आणि तो मला सांगत होता, "जरा आवळून बांधा. सुटंल." मग तो पुढं होऊन पायरीकडे गेला आणि मी विचारही केला नव्हता ते बोलला. "गड्याहो, बोट गेलं माजं. युसूफभाईचा मगाचा बॉल लय जोरात होता."

युसूफभाईंच्या हातातला कप कलंडला. "माझा बॉल? कवा?"

"तो शेवटचा. तवा कळलं न्हाई. आता सुजलंय."

युसूफभाई उठले, त्याच्याजवळ आले, तो पट्टीचा हात आपल्या फावड्याएवढ्या पंजात धरला. त्यांनी सगळ्या संघासमोर त्याची माफी मागितली. मी दोन हात अंतरावर उभा होतो.

दुसऱ्या दिवशी परभणीच्या मैदानावर दोन जीप आल्या. वडील आले, चुलते आले, सुमनबाई नवं लुगडं नेसून आली. तिसरा पोशाख घालूनच बसला होता, फक्त उजव्या हातात मोजा नव्हता. वडिलांनी पट्टीकडे पाहिलं आणि जीपवाल्याला म्हणाले, "एवढ्या लांबून चिंधी बघाया आनलं रं आपल्याला." तरी ते शेवटपर्यंत थांबले.

आम्ही एका गोलनं जिंकलो. आणि आता जे सांगतो ते मला सगळ्यांत जड जातं. मानवतच्या संघाला त्या दिवशी सूरच सापडला नाही. आमच्या कीपरकडे चेंडू आला तो दोन-चारदा, तोही गडगडत. नांदेडचा पोरगा खांबाला टेकून उभा होता. ते चेंडू माझ्या बायकोनंही अडवले असते. बाकावर तिसरा मात्र प्रत्येक वेळी डावीकडे झुकत होता, उजवीकडे झुकत होता, पट्टीचा हात छातीशी धरून.

मानवतच्या लोकांनी हरकत घेतली. हा माणूस आदल्या दिवसापर्यंत सराव करत होता, बोट मोडल्याचा बनाव आहे, असं त्यांचं म्हणणं. आयोजकांनी सुनावणी ठेवली, मग पुढं ढकलली, मग पुन्हा पुढं ढकलली. होळी आली तरी सुनावणी होईना. आणि तोवर तिसऱ्यानं ती पट्टी सोडली नाही. पॉइंट्सवर झेंडी डाव्या हातात धरायचा. आमच्याकडे एकदा सत्यनारायणाला जेवायला आला तर डाव्या हातानं जेवला. पंगतीत चार माणसं बघत होती. माझ्या बायकोनं चमचा आणून दिला, तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वहिनी. डावा शिकलाय आता." मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो तेव्हा हळूच म्हणालो, "अरे, घरी तरी सोडत जा."

"घरात लेकरं हायत, साहेब. लेकरं शाळेत बोलत्यात."

युसूफभाई दर जुम्म्याला त्याच्या क्वार्टरवर जायचे. कधी तेल घेऊन, कधी ईदचा डबा घेऊन. वसमतच्या एका हाडवैद्याकडे न्यायचा त्यांनी फार हट्ट केला. हा दरवेळी ड्यूटीचं कारण सांगायचा. एकदा मला म्हणाला, "लबाडीला कुनाचं तरी नाव लागतंच, साहेब. माज्या तोंडातून युसूफभाईचं गेलं. वापस कसं घेऊ?" तेव्हाही मी म्हणू शकलो असतो की मी सांगतो. मी म्हणालो, "सुनावणी होऊ दे."

सुनावणी झाली. टेबलामागं तीन जण, मानवतचे लोक एका बाजूला, आम्ही दुसऱ्या. युसूफभाईंनी सांगितलं, "माझ्याच फटक्यानं लागलं. मी कसम खाऊन सांगतो." ते खरंच बोलत होते, म्हणजे त्यांना जे खरं वाटत होतं तेच. मग अध्यक्ष म्हणाले, "पट्टी सोडा." पट्टी सोडली की बोट वाकणार, आणि बोट वाकलं की चषक गेला, क्लब गेला, डॉक्टर गेले, मी गेलो. तिसऱ्यानं दातांनी गाठ सोडली. कामटी टेबलावर पडली. बोट पांढुरकं आणि काटकीसारखं बारीक झालं होतं.

"मूठ वळा."

त्यानं मूठ वळली. तीन बोटं वळली, अंगठा वळला. ते बोट सरळच राहिलं. अध्यक्षांनी स्वतः उठून ते वाकवून पाहिलं, तशी त्याच्या कपाळावर घाम उभा राहिला. "सोडा हो," मानवतचाच एक जण म्हणाला, "दुखायलंय त्याला." इतके महिने बांधून ठेवलेलं बोट आखडून गेलं होतं. हरकत फेटाळली गेली. खोट्या कागदावर जे लिहिलं होतं ते त्यानं स्वतःच्या हातावर खरं करून दाखवलं.

पुढच्या वर्षी मी यादीत त्याचं नाव टाकायला गेलो तर म्हणाला, "तिसरा दुसरा बगा, साहेब. हे बोट वाकत न्हाई. कीपरला बोट लागतंय." मोजे त्यानं क्लबाच्या पेटीत ठेवून दिले होते, धुतलेले. त्यानंतर त्याची बदली झाली. मीही निवृत्त होऊन परभणीला मुलाकडे राहायला आलो. कळायचं कुणाकुणाकडून: वडील गेले, मुली दिल्या, नोकरी सोडून गावी शेती बघायलाय.

मागचा वर्ल्ड कप कतारला झाला तेव्हा मी ठरवून त्याच्या गावी गेलो. मनाशी वाक्य पाठ केलं होतं. जीपमध्ये ते दोनदा म्हणूनही पाहिलं. शेजारच्या बाईला वाटलं मी जप करतोय. तो ओसरीत मोबाइलवर दुपारचा सामना बघत होता. मला बघून उठला, खुर्ची पुसली, सुनेला लेकीसारखी हाक मारली, "चहा ठेव गं, आमचे सेक्रेटरीसाहेब आलेत." मग म्हणाला, "या, बसा. हे बगा, बाकडं दाखवायलेत." पडद्यावर राखीव खेळाडूंची रांग होती. "तो कडंचा. तिसरा कीपर."

"कसं ओळखलंस?"

"मोजे बगा की. कोरे हायत."

आम्ही दोघं हसलो. बोलताना त्याचं ते बोट समोर रोखलेलं असायचं. मी तिकडे बघतोय हे त्याच्या लक्षात आलं. "गावात समदे बिचकत्यात मला," तो म्हणाला. "काईबी बोललो तरी ज्याला त्याला वाटतं, त्याच्याकडंच बोट दाखवायलोय."

मी पाठ केलेलं वाक्य ओठांशी आणलं. "मारोती, मी त्या दिवशी..."

"तेवढं एक काम करा, साहेब," तो मधेच म्हणाला. आवाज खाली आणला, कारण आत सुमनबाई होती आणि तिलाही काही ठाऊक नव्हतं. "युसूफभाईला सांगा. त्याच्या फटक्यानं न्हाई मोडलं म्हनून. दरसाली ईदला फोन करतो तो. दरसाली माफी मागतो. माज्यानं सांगनं होईना. सांगायला गेलो की तुमचं नाव येतं."

एवढ्यात सुनेनं चहा आणला. त्यानं ताटलीतला पहिला कप उचलला आणि माझ्यापुढं धरला. "घ्या. पयला तुमचा."

पाहुण्याला पहिला कप सगळेच देतात. त्याच्या मनात दुसरं काही होतं की नाही, मला माहीत नाही. पण मी तो कप घेतला, आणि तो संपेपर्यंत त्यानं दुसरा उचलला नाही आणि काही बोललाही नाही. रिकामा कप खाली ठेवताना माझं वाक्य कुठल्या कुठं गेलं होतं. निघताना त्यानं माझा हात हातात घेतला. चार बोटं मिटली, एक माझ्या मनगटावर सरळ टेकून राहिलं. मी म्हणालो, "युसूफभाईंना सांगतो." तो म्हणाला, "लय उपकार होतील."

मी सांगितलं नाही. आज सांगू, ईद झाल्यावर सांगू, पूर्णेला गेलो की सांगू. गेल्या पावसाळ्यात मारोती गेला. छातीत दुखलं, नांदेडला नेईपर्यंत वाटेतच गेला.

दहाव्याला गेलो. नदीकाठी माणसं बसली होती. युसूफभाई माझ्या आधीच आलेले. गुडघ्यांमुळे त्यांना दगडावर बसवलं होतं. सुमनबाई कुणाशी तरी बोलत होती, "त्या बोटानंच राह्यलं हो त्यांचं खेळायचं. समदं गाव गेलं होतं बघाया." युसूफभाईंनी ते ऐकलं आणि खाली मान घातली. कावळा शिवायची वाट बघत सगळे गप्प झाले. पिंडाकडे कावळा येईना. लोक एकमेकांना विचारू लागले, कशात जीव अडकलाय, कुणाला माहीत असेल तर बोला. पुतण्यानं शेताचं सांगितलं, धाकट्या लेकीचं सांगितलं. कावळा झाडावरच होता.

शेजारच्या दगडावरून युसूफभाई माझ्या कानाशी झुकले. "सेक्रेटरीसाब, तुमच्यापाशी तो कवा बोलला का हो? की मला माफ केलं म्हणून?"

तिथं सांगायला हवं होतं. नदी होती, माणसं होती, सगळे थांबलेले होते, कुणी तरी बोलावं म्हणून सगळे वाट बघत होते. आणि काय बोलायचं ते तिथं एकट्या मला ठाऊक होतं.

मी म्हणालो, "हो. माफ केलं म्हणाला."

युसूफभाईंनी माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांना लावले. त्यांनी माझे आभार मानले. कावळा केव्हा शिवला, की दर्भाचा करून शिववला, माझ्या लक्षात नाही.

युसूफभाई अजून आहेत. त्यांची नात मराठी शाळेत शिकते. हे छापून आलं तर ती त्यांना वाचून दाखवील. युसूफभाई, तुमच्या चेंडूनं काही झालं नव्हतं. चेंडू त्यानं अडवला होता, मी पाहिला होता, चांगला अडवला होता.

आणि मारोती, जे वाक्य जीपमध्ये मला दोनदा म्हणता आलं आणि तुझ्या ओसरीत एकदाही आलं नाही ते एवढंच होतं: तुझं बोट मोडलेलं नव्हतं, तू खेळायला हवा होतास, आणि तो पहिला चहा मी तुला द्यायला नको होता.